उंबरठा ओलांडल्यावर

मुंबईत परळ म्हणजे दवाखान्यांचे गाव. केईएम, टाटा, वाडिया ही नावे चंद्रपूरपासून चंदगडपर्यंतच्या माणसाला पाठ असतात, आणि गावाकडून आलेली आजारी माणसे व त्यांच्यामागे पिशव्या सांभाळत चालणारे नातेवाईक इथल्या फुटपाथवर बारा महिने दिसतात. त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. सकाळच्या वेळी तिथे रांगेत बसलेली माणसे आणि केईएमच्या ओपीडीतली माणसे वेगळी काढणे कठीण. तशीच कडा दुमडलेली फाइल, तसाच रक्ताच्या रिपोर्टचा लिफाफा, 'नंबर कितवा?' हा तोच प्रश्न. फरक मांडीवरच्या टॉवेलात असतो. त्यात पोराऐवजी पॉमेरेनियन गुंडाळलेला असतो. टॅक्सीतून उतरवलेला लॅब्रेडॉर उभा राहत नाही, तेव्हा दोघे जण चादरीची झोळी करून त्याला आत नेतात आणि तिसरे कोणी त्याचे डोके सावरत बाजूने चालते. चाळीतून, बैठ्या घरांतून, वन-रूम-किचनमधून आलेली माणसे इथे कमी नसतात. कुत्रा ही श्रीमंतांची हौस, असे ज्याला वाटते त्याने या रांगेत दहा मिनिटे उभे राहावे.

हे रुग्णालय १८८३ चे, आणि त्याला लागून असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. त्या काळी मुंबईच्या ट्रामला घोडे जुंपलेले असत, गोदीतला माल बैलगाड्यांवरून हलत असे. दवाखान्यात येणारे जनावर बहुधा कमावते जनावर होते. ते लंगडले तर मालकाची चूल अडायची, म्हणून त्याच्या औषधाचा खर्च हा धंद्याचा खर्च होता. आज त्याच आवारात रांग लागते ती एक पैसाही न कमावणाऱ्या जनावरासाठी, आणि त्याच्यावर खर्च करणारा माणूस आपल्या स्वतःच्या रक्तदाबाची गोळी पुढच्या महिन्यावर ढकलणारा असू शकतो. या अंकाचा विषय 'घरखर्च' आहे. घरखर्चाच्या वहीत ज्याचे स्वतंत्र पान नाही आणि तरीही जो दर महिन्याला वहीतून काहीतरी खातो, अशा सदस्याबद्दल हा लेख आहे.

'कुत्रा पाळणे फार महाग झाले हो' हे वाक्य आता शहरात सर्रास ऐकू येते. ते खरे आहे, पण कारण बहुतेक वेळा चुकीचे सांगितले जाते. खाद्याचे भाव वाढले, डॉक्टरांची फी वाढली हे सगळे झालेच. भाव कशाचे वाढले नाहीत? कुत्र्याचा खर्च वाढला तो मुख्यतः त्याचा पत्ता बदलल्यामुळे. तो अंगणातून पडवीत आला, पडवीतून घरात, घरातून सोफ्यावर आणि सोफ्यावरून गादीवर. उंबरठ्याच्या आत आलेल्या जिवाला माणसाचे नियम लागू होतात. तो आजारी पडला तर 'बघू दोन दिवस' म्हणता येत नाही. आपण त्याला आत घेतले तेव्हा ही किंमत कबूल केली. मात्र ती किती आणि कोणी द्यायची, हे ठरवले नाही. विम्याने ठरवले नाही, कायद्याने ठरवले नाही, आणि घरातल्यांनीही जेवणाच्या टेबलाभोवती बसून ठरवले नाही. न ठरवलेले बिल जेव्हा येते तेव्हा ते पैशात कमी आणि मनस्तापात जास्त चुकवावे लागते.

भाकरीचा तुकडा किती रुपयांचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आमच्या आजोबांकडेही कुत्रा होता, शिळी भाकरी ताकात कुस्करून खायचा, पावसात गोठ्यात झोपायचा; ना त्याला लस, ना शांपू, आणि तरी तो ठणठणीत होता. मराठी घरात कुत्र्याची जागा खरोखर अशीच होती, उंबरठ्याच्या अलीकडे नाही आणि अगदी परकीही नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेद मानतात. खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा धावतो, त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतात. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव तर लहानपणीच भेटतात. पण वर्षाच्या सणांत गाईला वसुबारस आहे, बैलाला पोळा आहे, सापालाही नागपंचमी आहे. कुत्र्याच्या वाट्याला दिवस नाही. भाषेने तर त्याला आणखीच खाली बसवले. 'हाल कुत्रा खाणार नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा हालांची परमावधी कोणाची हे आपल्याला पक्के ठाऊक असते.

आजोबांचा कुत्रा ठणठणीत होता, ही आठवण खरी असली तरी अपुरी आहे. जे जगले त्यांची आठवण राहते. एका वेतात झालेल्या सहा पिल्लांपैकी किती उरली, डिस्टेंपरने झटके येऊन कोणते गेले, सापाने कोणते मारले, बिबट्याने कोणते उचलले, पिसाळले म्हणून कोणाला दगडांनी ठेचले, याची नोंद कोणी ठेवली नाही. खर्च तेव्हाही होता. तो कुत्रा स्वतःच्या आयुष्यातून भरत होता, म्हणून मालकाला दिसत नव्हता. शिवाय आजच्या कुत्र्याचे शत्रूही सगळे जुने नाहीत. ज्या पार्वोच्या नावाने पिल्लू आणलेल्या घरात धडकी भरते, तो विषाणू कुत्र्यांमध्ये जगभर पसरला तोच मुळी १९७८ च्या सुमारास. आजोबांच्या तरुणपणी तो नव्हता. रक्ताचे जुलाब, उलट्या, चार-पाच दिवस सलाईन आणि तरीही हाती काही न लागण्याची शक्यता, हे त्या आजाराचे स्वरूप. लस वेळेवर दिली तर तो बहुतांशी टळतो. लसीला नाक मुरडणाऱ्याने हा सौदा एकदा नीट पाहावा.

आणि आजोबांच्या कुत्र्याला काम होते. गोठा, खळे, मेंढरे, रात्रीची राखण. कारवानी कुत्री लातूर-सांगलीकडे आजही सशामागे धावण्याच्या अंगलोटीसाठीच नावाजली जातात. काम करणाऱ्याला भाकरी हा मोबदला होता. फ्लॅटमधल्या कुत्र्याचे काम एकच आहे, दार उघडले की आनंदाने वेडे होणे. ते काम हलके समजू नये. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, म्हणजे आई आणि तान्ह्या बाळामध्ये जे रसायन काम करते तेच. ज्या घरात माणसे एकमेकांकडे मोबाइलच्या वरून पाहतात, त्या घरात हे काम कोण करते, हे सांगायला नको.

महिन्याचे पान

आता वहीचे पान उघडू. तीस किलोचा लॅब्रेडॉर घेऊ, कारण मध्यमवर्गीय फ्लॅटात तोच जास्त दिसतो. त्याला रोज साधारण साडेतीनशे ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला दहा-अकरा किलो. बाजारातले साधे देशी पाकीट किलोला दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात येते. नावाजलेल्या परदेशी कंपनीचे किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले पथ्याचे खाद्य त्याच्या तिप्पट जाते. म्हणजे एकाच कुत्र्याचे जेवण महिन्याला अडीच हजारांतही होते आणि आठ हजारांतही. घरी चिकन-भात शिजवणाऱ्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो, शिवाय गॅस आणि शिजवणारीचा वेळ, जो कोणीच धरत नाही. वर गोचिडांची गोळी, जंतांचे औषध, वर्षाची रेबीजची आणि बाकीची लस, मुंबई-कोकणच्या पावसात लेप्टोची लस, नखे, कान, आंघोळ. सगळे मिळून महिन्याला सहा हजार धरले, आणि ते शहरात काटकसरीचेच धरणे होईल, तर वर्षाचे बहात्तर हजार आणि बारा वर्षांचे ८ लाख ६४ हजार होतात. पिल्लू आणताना भाव करतात तो पंधरा-वीस हजारांचा. तो या रकमेत शोधावा लागेल.

करखात्याची नजर इथे मोठी बोलकी आहे. गुरांच्या पेंडीवर जीएसटी नाही, कारण गुरे कमावती. पाकीटबंद कुत्र्याच्या खाद्यावर १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये माणसाच्या बिस्किटावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, कुत्र्याचे खाद्य होते तिथेच राहिले. त्यामुळे ज्या लाखो घरांत सकाळच्या चहाबरोबर कुत्र्याला पारले-जी मिळते, ती घरे नकळत करबचत करत आहेत, जरी साखरेचे ते बिस्किट त्याच्या दातांना आणि वजनाला बरे नसले तरी. याच सरकारने प्राण्यांच्या दवाखान्यातली उपचारसेवा मात्र करमुक्त ठेवली आहे. म्हणजे कुत्र्याचे आजारी पडणे ही गरज आणि जेवणे ही चैन.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. हा सगळा बाजाराने उभा केलेला फुगारा आहे, वाढदिवसाचे केक, दिवाळीचे झब्बे, अत्तरे, कुत्र्यांसाठी स्पा. कुत्र्याला यातले काय कळते? काहीच कळत नाही. झब्बा घालून फोटोसाठी बसवलेल्या पगचा चेहराच ते सांगतो. अशा खर्चाला 'कुत्र्याचा खर्च' म्हणणे चूक आहे. तो मालकाचा खर्च आहे, त्याने तो आपल्या हौसेच्या खात्यावर लिहावा. पण बाजाराने केलेले खरे नुकसान झब्ब्यात नाही, जातीत आहे. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि बघता बघता तो गल्लोगल्ली दिसू लागला. जाहिरातीने सांगितले नाही की चपट्या नाकाच्या त्या कुत्र्याला नीट श्वास घेणेच अवघड असते आणि विदर्भातला मे महिना त्याच्या जिवावर उठू शकतो. हस्कीचे तेच. बर्फात स्लेज ओढण्यासाठी घडलेले दुहेरी केसांचे जनावर नागपुरात किंवा ठाण्यात आणले की त्याचा खर्च पेट शॉपमध्ये होत नाही, विजेच्या बिलात होतो. लॅब्रेडॉर त्या मानाने आपल्या हवेत रुळलेला. पण केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की अनेक लॅब्रेडॉरमध्ये भुकेचे नियमन करणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. ताटाकडे लावलेले ते केविलवाणे डोळे दर वेळी खरोखरच्या उपासमारीचे नसतात. घरातला प्रत्येक जण दया येऊन एकेक पोळी देतो आणि आठव्या वर्षी गुडघ्यांचे बिल येते.

या हिशोबातून कोणी सुटत असेल तर गावठी कुत्रा. त्याची हाडे, त्वचा, पचन इथल्या मातीत पिढ्यान् पिढ्या घासून निघालेले. लस आणि नसबंदी झाली की तो डॉक्टरांना फार तोंड दाखवत नाही. त्याला हल्ली 'इंडी' म्हणतात. नाव इंग्रजी झाल्यावर त्याला दिवाणखान्यात जागा मिळू लागली, हे आपल्या समाजाबद्दल बरेच काही सांगते.

रात्री अकरा वाजता

पण महिन्याचे पान हा खरा प्रश्न नाहीच. ते पगारातून निभते. घर हादरते ते आडव्या आलेल्या खर्चाने, आणि तो बहुधा रात्री अकराला येतो. पोट टम्म फुगले आहे, गाडीखाली आला, चौथ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत. गोचिडताप हा आपल्याकडचा नेहमीचा पाहुणा. गोचीड चावते, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, रक्ततपासणी, सलाईन, आणि मग जवळजवळ महिनाभर गोळ्या. लवकर कळला तर काही हजारांत भागते, उशीर झाला तर रक्त चढवावे लागते आणि त्यासाठी दुसरा धडधाकट कुत्रा शोधावा लागतो. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, त्याची शस्त्रक्रिया त्याच दिवशी करावी लागते. हाडाची किंवा मणक्याची शस्त्रक्रिया असेल तर बिल पाच आकड्यांत सुरू होते आणि लाखाच्या आसपास जाऊ शकते.

डॉक्टर लुटतात, हे इथे हमखास ऐकू येणारे वाक्य. काही लुटत असतीलही. माणसांच्या दवाखान्यात काय सगळे संत आहेत? पण व्यवस्था कशी बांधली आहे तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात पशुवैद्यकाचे शिक्षण आणि सरकारी दवाखान्यांचे जाळे उभे राहिले ते गाय, म्हैस, बैल आणि शेळीसाठी, आणि शेतीच्या राज्यात ते योग्यच होते. तालुक्याचा पशुधन अधिकारी गाईचे अडलेले वासरू काढण्यात तरबेज असतो. त्याच्याकडे कुत्र्याच्या हृदयाची सोनोग्राफी करण्याचे यंत्र नसते. त्यामुळे सोलापूर-जळगावच्या कुत्र्याला थोडे गुंतागुंतीचे काही झाले की गाडी पुण्या-मुंबईला निघते. शहरातला खासगी दवाखाना एक्स-रेपासून भूल देण्याच्या यंत्रापर्यंत सगळे स्वतःच्या कर्जावर उभे करतो. माणसाच्या इस्पितळामागे सरकारी योजना, धर्मादाय खाटा, मेडिक्लेम असे चार खांब असतात. इथे एकच, मालकाचा खिसा. माणूस म्हणून आपल्याला उपचाराची पूर्ण किंमत क्वचितच दिसते. कुत्र्याच्या बिलात ती उघडी दिसते, म्हणून ती अवाच्या सवा वाटते. महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले त्याला १६५ कोटी रुपये लागले. हे काम किती भांडवल मागते याचा त्यावरून अंदाज यावा.

विमा मिळतो, पण घेतात थोडे. तो कुत्रा लहान आणि धडधाकट असतानाच काढावा लागतो, ठरावीक वयानंतर नवा मिळत नाही, आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. म्हणजे ज्या वेळी गरज वाटत नाही त्याच वेळी विचार करावा लागतो, आणि नेमके तेच घरात होत नाही. 'जिवाला जीव लावला, त्यात पैशाची भाषा कशाला?' हा तिसरा आक्षेप, आणि सगळ्यांत गोड वाटणारा. मला तो सगळ्यांत निर्दय वाटतो. पैशाची भाषा आधी न बोललेले घर ती रात्री अकराला, काउंटरवर, आजारी जिवासमोर बोलते. तिथे वीस हजार भरायचे की नाही यावर नवरा-बायकोत जे वाक्य निघून जाते ते पुढे वर्षानुवर्षे घरात फिरत राहते. महिन्याला हजार-दीड हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकणाऱ्याला कोणी कंजूष म्हणेल. पण त्या रात्री तो आपल्या कुत्र्याशी प्रामाणिक राहू शकतो. रतन टाटा यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद असल्याचे वाचून अनेकांना गहिवरून आले. गहिवरण्यापेक्षा त्यातला व्यवहार पाहण्यासारखा आहे. आपल्यामागे याचे काय, हा प्रश्न त्यांनी कागदावर सोडवला.

आणला कोणी, सांभाळला कोणी

घराघरांत एक गोष्ट थोड्याफार फरकाने सारखीच घडते. कुत्रा मुलाला किंवा मुलीला हवा असतो, विरोध आईचा असतो, आणि दोन वर्षांनी कुत्रा आईचा होतो. मूल शिकायला पुण्याला, मग नोकरीला बंगळुरूला, मग एखाद वेळी न्यू जर्सीला. सकाळी सहाचे आणि रात्री दहाचे फिरवणे गुडघे दुखणाऱ्या बाईच्या वाट्याला येते. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी चार जिने. परदेशातून 'मी त्याला इकडेच घेऊन येतो' असे फोनवर म्हटले जाते खरे, पण ते सोपे नाही. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले, आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. इथे लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप हवी, रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी हवी, ती नसेल तर २८ दिवस विलगीकरण, आणि उतरायचे ते ठरवून दिलेल्या मोजक्या विमानतळांवरच. लाखांतला हा खर्च करणारी मराठी कुटुंबे आहेत. न करणारी अर्थातच अधिक, आणि तिथे कुत्रा व आईवडील एकमेकांचा एकटेपणा वाटून घेत म्हातारे होतात.

ज्याला कामाला बाई आहे, वॉकर आहे, त्याचाही बंदिवास सुटत नाही. गावाला जायचे तर रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. बोर्डिंगचे दिवसाला हजार-बाराशे, आणि दिवाळीच्या आठवड्यात जागा मिळेल तर. मिळाली तरी लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी थरथरणाऱ्या जनावराला परक्या पिंजऱ्यात ठेवायचे की त्याच्यासाठी सासरची दिवाळी चुकवायची, हा निर्णय पैशाने सुटत नाही. लग्नकार्यांना घरातले एक माणूस नेहमी कमी पडू लागते. नातेवाईक सुरुवातीला हसतात, मग टोमणे मारतात. घरखर्चाच्या वहीत या चुकवलेल्या कार्यांचे रुपये लिहिता येत नाहीत.

पन्नास रुपये

कायद्याला अजून ठरवता आलेले नाही की हा प्राणी कोण. २०२० मध्ये मुंबईत घरपोच खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या एका तरुणाच्या दुचाकीखाली रस्त्यावरचा कुत्रा दगावला, पोलिसांनी त्या तरुणावर माणसाच्या जिवाला धोका निर्माण केल्याची कलमे लावली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. प्राणिप्रेमी कुत्र्याला पोटचे पोर मानत असतील, पण ती कलमे माणसांसाठी आहेत आणि कुत्रा माणूस नाही, असा त्या निकालाचा आशय. शिवाय सरकारला त्या तरुणाला २० हजार रुपये द्यायला लावून ते संबंधित अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. हाताला काम मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या पोराचा विचार करता निकाल योग्यच होता. पुढच्याच वर्षी वांद्र्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उलट बाजूचे प्रकरण आले. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या ५५ वर्षांच्या महिलेने पोटगी मागितली आणि आपल्यावर तीन रॉटवायलर अवलंबून असल्याचे सांगितले. कुत्र्यांचा खर्च धरू नये, हे नवऱ्याचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. तुटलेल्या नात्यांनी आलेली भावनिक पोकळी हे प्राणी भरून काढतात, ते सभ्य जीवनाचा भाग आहेत, असे म्हणत महिना ५० हजारांची अंतरिम पोटगी दिली. एका न्यायालयात कुत्रा माणूस नाही, दुसऱ्यात तो पोटगीच्या हिशोबात येतो. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर आहेत. घरातला कुत्रा नेमका या दोहोंच्या मधल्या जागेत जगतो.

तिसरा आकडा मात्र कोणत्याच बाजूने बरोबर ठरत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा त्यात गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. म्हणजे महिन्याला सहा हजार खाणारा, आता म्हातारा झालेला कुत्रा रात्री हायवेच्या कडेला उतरवून गाडी वळवण्याची सर्वांत मोठी सरकारी किंमत एका वडापावच्या प्लेटीइतकी आहे. लॉकडाऊनमध्ये घरात कंटाळलेल्या पोरांसाठी आणलेली कुत्री कार्यालये उघडल्यावर रस्त्यावर दिसू लागली, ती या स्वस्ताईमुळे. गादीवर झोपणाऱ्या कुत्र्याला रस्त्यावर जगता येत नाही. टोळीतली कुत्री त्याला फाडतात. जो जगतो आणि नसबंदी न झालेला असतो, तो पिल्ले वाढवतो. २०२३ च्या नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांना 'सामुदायिक प्राणी' म्हटले आहे, म्हणजे एका घराने टाकलेला खर्च कायदेशीररीत्या सगळ्या वस्तीचा होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात जे रणकंदन झाले त्यात कुत्रेप्रेमी आणि कुत्र्यांना घाबरणारे एकमेकांवर तुटून पडले. विकत आणून सोडून देणारा मात्र कोणाच्याच तावडीत सापडला नाही.

सही

शेवट मोठ्या कुत्र्याचा दहा-बारा वर्षांत येतो, लहान जातीचा थोडा पुढे. मूत्रपिंडे थकतात, घरीच कातडीखाली सलाईन द्यायला शिकावे लागते. मागचे पाय जातात, दिवसातून पाच वेळा फरशी पुसावी लागते. मग एके दिवशी डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसतात. दयामरणासाठी माणसाच्या बाबतीत या देशाला वर्षे लागली. अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातला २०११ चा निकाल ज्या केईएमशी जोडलेला आहे, ते परळच्या त्या प्राण्यांच्या रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कुत्र्याच्या बाबतीत एका कागदावर एक सही लागते. ती इतकी सोपी आहे म्हणूनच इतकी जड जाते. आपल्याकडे अनेक घरे ती करतच नाहीत. जीव घेणारे आपण कोण, असे म्हणतात, आणि वेदनांत आणखी महिना जातो. काही घरे पैसे संपले म्हणून करतात आणि कारण वेदनांचे सांगतात. दोघांनाही पुढे झोप लागत नाही. पैसे संपले म्हणून सही करणाऱ्याला खुनी ठरवणारी माणसे समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. त्यांतल्या एकानेही काउंटरवर पैसे भरलेले नसतात.

नंतर काय, याला आपल्या रीतीत उत्तर नाही. सुतक नाही, दहावा नाही, भेटायला कोणी येत नाही, कार्यालयात रजेचे कारण म्हणून ताप सांगावा लागतो. दुःखाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिले होते, समाजाने मान्यता न दिलेले दुःख. 'कुत्राच तर होता, दुसरा आण' हे सांत्वन करणाऱ्याला आपण काय बोललो ते कळतही नाही. मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये पाइपच्या गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली, तेव्हा या दुःखाला निदान एक सरकारी पत्ता मिळाला. त्याआधी मुंबईतली कितीतरी कुत्री रात्रीच्या वेळी कुठल्या तरी झाडाखाली, कोणी पाहू नये अशा घाईने पुरली गेली आहेत.

घरी आल्यावर पट्टा खिळ्यावर असतो, पाण्याचे भांडे अर्धे भरलेले. ते ओतून टाकले जाते. खाद्याची मोठी पिशवी मात्र तशीच पडून राहते, कारण पथ्याचे ते महाग पाकीट आठवड्यापूर्वीच फोडलेले असते आणि दुकानदार फोडलेला माल परत घेत नाही. पंधरा दिवसांनी कोणीतरी ती उचलून खाली नेते. सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारी दोन गावठी कुत्री किलोला आठशे रुपयांचे दाणे हुंगतात, एकमेकांकडे बघतात आणि बराच वेळ ठरवू शकत नाहीत की हे खायचे असते का.